शिकवणी लावल्यावर नेमकं काय बदलतं?

शिकवणी लावली आणि मूल सुधारलं, असं काही पालक छातीठोकपणे सांगतात. दोन वर्षं शिकवणीला पाठवूनही काडीचा फरक पडला नाही, असं दुसरे तितक्याच खात्रीने सांगतात. दोघंही खरं बोलत असतात. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. फोनमध्ये चोवीस तास हजर असलेला, कधीही न चिडणारा शिक्षक मिळत असेल तर माणसाची शिकवणी हवीच कशाला, हा नवा प्रश्न घराघरांत विचारला जातोय.

गोंधळ होतो, कारण अगदी वेगवेगळ्या गोष्टी आपण एकाच मापाने मोजतो. फळ्यासमोर तीस मुलं बसवून शाळेतलाच धडा पुन्हा शिकवणारे सर, मुलाशेजारी बसून त्याची वही वाचणारी ताई आणि रोजचा गृहपाठ उरकून देणारं कुणीतरी, या तिघांकडेही मूल शिकवणीलाच जातं. मुलाच्या डोक्यात मात्र तिन्ही ठिकाणी वेगवेगळं काहीतरी घडत असतं. शिकवणी कामी येते ती नेमकी कशामुळे, हे एकदा कळलं की शिक्षक कसा हवा, गट चालेल का, ॲप पुरेल का, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

## '९८ टक्के' कुठून आले?

१९८४ साली बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने एक लेख प्रसिद्ध केला. त्याच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगांत काही मुलं नेहमीसारखी साधारण तीसच्या वर्गात शिकली, तर काहींना एकट्याला किंवा दोघातिघांत मिळून एक शिक्षक मिळाला. शेवटी परीक्षा घेतली तेव्हा शिकवणी मिळालेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे होतं. हा आकडा आजही शिकवणीच्या आणि शैक्षणिक ॲपच्या प्रचारात सर्रास वापरला जातो.

इथे एक संज्ञा समजून घेऊ, म्हणजे पुढचे आकडे वाचता येतील. एखाद्या वर्गाचे गुण सरासरीच्या अवतीभवती किती पसरले आहेत, हे सांगणाऱ्या मापाला 'प्रमाण विचलन' म्हणतात. शंभर मुलं गुणांच्या क्रमाने रांगेत उभी केली आणि बरोबर मधल्या मुलाची प्रगती एका प्रमाण विचलनाएवढी झाली, तर ते साधारण ८४ मुलांच्या पुढे जातं. दोनाएवढी झाली तर ९८ मुलांच्या. ब्लूमचा आकडा हा दोनचा आहे.

पण त्या प्रयोगांत बदललं होतं ते फक्त मुलांची संख्या नव्हे. शिकवणीतल्या मुलांची मधूनमधून चाचणी होत होती, चुकलेला भाग दुरुस्त करून घेतला जात होता आणि तो पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा नियम होता. प्रयोग काही आठवड्यांचेच होते आणि परीक्षा नेमकी त्याच भागावर होती. त्यामुळे ९८ टक्के हे कोणत्याही शिकवणीचं आश्वासन म्हणून सांगणं चूक आहे.

नंतरच्या संशोधनात आकडे जमिनीवर आले. २०११ साली कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसाने घेतलेल्या शिकवणीचा परिणाम ०.७९ प्रमाण विचलन निघाला. २०२० साली निकॉ, ओरिओपोलस आणि क्वान या तिघांनी ९६ प्रयोग तपासले. या सगळ्या प्रयोगांत शिकवणी कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरावं तसं ठरवलं होतं. त्यांचा सरासरी परिणाम ०.३७ आला, म्हणजे शंभरांच्या रांगेत मधलं मूल साधारण ६४ मुलांच्या पुढे गेलं.

चिठ्ठ्यांचा आग्रह का, तेही सांगायला हवं. शिकवणीला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांच्या गुणांची सरळ तुलना फसवी असते. मागे पडलेल्या मुलालाच शिकवणी लावली असेल तर शिकवणीची मुलं कमी गुणांची दिसतात. आधीच पुढे असलेल्याला लावली असेल तर जास्त गुणांची दिसतात. दोन्ही वेळा शिकवणीने काय केलं ते कळतच नाही.

०.३७ हा आकडा ब्लूमपुढे लहान वाटेल. माझ्या मते तो लहान नाही. शिक्षणात इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी तपासूनही टिकलेला एवढा परिणाम फार थोड्या उपायांच्या वाट्याला आलाय. शिकवणी हे गंभीरपणे घेण्यासारखं साधन आहे. फक्त ते साधन कशावर चालतं, ते बघायला हवं.

## शेजारी बसलेल्याला काय दिसतं?

एका मुलाने ५२ वजा २७ केलं आणि उत्तर लिहिलं ३५. वर्गात शंभर वह्या तपासताना या उत्तरावर लाल फुली पडते आणि गुण जातो. शेजारी बसलेल्याने जरा थांबून पाहिलं तर कळतं, की एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून मुलाने ७ मधून २ वजा केले. ही धांदरटपणाची चूक नाही. 'मोठ्यातून लहान वजा करायचा' असा नियम मुलाने स्वतःच बनवलाय आणि ते तो इमानेइतबारे पाळतंय. त्याला ६३ वजा २८ दिलं तर ते ४५ लिहिणार, हे वही न बघताही सांगता येतं.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला. वरवर अंदाधुंद दिसणाऱ्या बऱ्याच चुकांमागे असाच एखादा ठरलेला चुकीचा नियम असतो, हे त्यांनी दाखवलं. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. अशा मुलाला आणखी पन्नास वजाबाक्या घातल्या तर त्याचा चुकीचा नियमच पक्का होतो. 'नीट लक्ष दे' म्हणूनही काही होत नाही, कारण ते लक्ष देतच असतं. त्याला दिसायला हवं की ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन एकक, त्यातला एक दशक मोडला की चार दशक आणि बारा एकक होतात, आणि आता बारातून सात सहज जातात. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हातात घेऊन हे दहा मिनिटांत होतं. पण ती दहा मिनिटं नेमकी याच मुलाला, याच दिवशी द्यायला कुणीतरी मोकळं असावं लागतं.

आता थोड्या मोठ्या मुलाचं उदाहरण. त्याने एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी केली आहे. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. शिकवणारी ताई विचारते, "दोन पंचमांश हे अर्ध्याहून जास्त की कमी?"

मूल थोडा वेळ बोटं मोजतं. "कमी."

"आणि तू सुरुवात कशाने केली होतीस?"

"अर्ध्याने."

"त्यात काही मिळवलंस ना?"

"हो, एक तृतीयांश." मग बराच वेळ काही नाही. मग मूलच विचारतं, "ताई, मिळवल्यावर कमी कसं झालं?"

ताईने छेद समान करायचा नियम अजून सांगितलेलाच नाही. पण आता तो सांगितला तर मुलाला त्याची गरज आहे. दहा मिनिटांपूर्वी सांगितला असता तर पाठ करायच्या यादीत आणखी एकाची भर पडली असती.

या संवादातला 'बराच वेळ काही नाही' हा भाग सगळ्यात अवघड. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, असं आढळलं. तीन सेकंदांहून जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. भरलेल्या वर्गात ते दोन जादा सेकंदही जड जातात. एकट्या मुलासमोर दहा सेकंद थांबलं तरी बिघडत नाही.

मुलाच्या बाजूनेही चित्र पालटतं. ग्रेसर आणि पर्सन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्गातला एक विद्यार्थी तासाला सरासरी ०.११ प्रश्न विचारत होता, म्हणजे नऊ-दहा तासांत एखादा. शिकवणीत तोच आकडा तासाला २६ च्या वर गेला. वर्गात गप्प राहणाऱ्या मुलाला प्रश्न नसतात असं नाही. ते चाळीसजणांसमोर तोंडाबाहेर पडत नाहीत.

आणखी एक निष्कर्ष शिकवणी घेणाऱ्यांना रुचणार नाही कदाचित, पण तो फार महत्त्वाचा आहे. मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग मांडला. त्यात शिकवणाऱ्यांना स्वतः समजावून सांगायला मनाई केली. 'असं का?', 'पुढे काय होईल?', 'तुझ्या शब्दांत सांग' एवढंच विचारायचं. मुलं तरीही तेवढीच शिकली. उत्तम समजावून सांगणारा शिक्षक आपण शोधत असतो. मुलाला बोलतं करणारा शिक्षक शोधायला हवा.

## मदत किती करायची?

मदत मोजून कशी द्यावी, यावर १९७६ सालचा एक अभ्यास आजही मार्गदर्शक मानला जातो. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला आणि शेजारी बसून मदत करणाऱ्या व्यक्तीचं वागणं टिपलं. त्या मदतीला त्यांनी परांचीचं नाव दिलं. भिंत चढत असताना गवंड्याला उभं राहायला बाजूने बांबूंची परांची लागते. ती भिंतीचा भाग नसते. भिंत सुकली की सोडायचीच असते, आणि सोडल्यावर भिंत उभी राहिली तरच काम झालं म्हणायचं.

व्यवहारात याचा अर्थ असा: मूल अडलं की एक पायरी जास्त मदत, जमलं की लगेच एक पायरी कमी. आधी नुसतं 'पुन्हा वाच'. नाही जमलं तर 'यात काय दिलंय, काय काढायचंय?' तरी नाही तर पहिली ओळ मिळून लिहायची. पुढच्या उदाहरणात पहिली ओळ मुलाने एकट्याने. ज्या शिकवणीत सहा महिन्यांनंतरही पहिली ओळ शिक्षकच लिहून देतात, तिथे मूल परावलंबी झालंय. 'शिकवणीने मुलं परावलंबी होतात' हा आक्षेप अशा शिकवणीला तंतोतंत लागू पडतो.

## शिकवणी नसते तेव्हा मूल काय करतं?

आठवड्यातले तीन-चार तास शिकवणीचे धरले तर त्याच्या कितीतरी पट वेळ मूल एकटं अभ्यास करतं. तो वेळ कसा जातो यावर सगळा खेळ आहे. चांगली शिकवणी या एकट्याच्या वेळाला वळण लावते. माझ्या मते विषय समजण्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, मोल याला आहे, कारण विषय दरवर्षी बदलतात, सवयी राहतात.

बहुतेक मुलांचा अभ्यास म्हणजे धडा पुन्हा वाचणं आणि महत्त्वाच्या ओळींवर रंग मारणं. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यात या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. सर्वांत वर दोन पद्धती आल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं.

रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि वाचणाऱ्यांना आपल्याला सगळं छान येतंय असा विश्वास जास्त होता. 'घरी सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही', असं मूल म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. घरी धडा समोर होता आणि ओळखीचा वाटत होता, इतकंच.

गणिताच्या सरावातही हाच धोका आहे. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घनफळाची उदाहरणं दिली. एका गटाला एका प्रकारची सगळी, मग दुसऱ्या प्रकारची सगळी, अशी. दुसऱ्याला मिसळून. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर होता आणि दुसरा ६३ वर. कारण परीक्षेत कोणतं सूत्र लावायचं हे आधी ओळखावं लागतं, आणि एकाच प्रकारची वीस उदाहरणं सलग सोडवताना ते ओळखायची वेळच येत नाही. म्हणून मूल शिकवणीतून रोज सगळी उदाहरणं बरोबर करून येत असेल तर आनंद मानण्याआधी ती मिसळलेली होती का, ते विचारावं.

शिकवणीच्या तासात हे कसं दिसतं? मूल आल्याबरोबर वही उघडायची नाही. कोऱ्या कागदावर गेल्या वेळचं जे आठवतं ते लिहायचं, सात-आठ मिनिटं. मग वही उघडून काय सुटलं ते वेगळ्या शाईने भरायचं. जे सुटलं तिथून आजचा तास सुरू. शेवटी दोन उदाहरणं पंधरा दिवसांपूर्वीच्या धड्यातली. आणि एक चुकांची वही, जिच्यात चूक का झाली ते मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. 'चिन्ह बदललं' असं नाही, तर 'कंसाबाहेर उणे होतं, पहिल्याच पदाचं चिन्ह बदललं, दुसऱ्याचं विसरले' असं. महिन्याभरात त्या वहीत तीच तीन वाक्यं पुन्हा पुन्हा दिसायला लागतात आणि मुलीला आपली चूक कुठे होते ते पाठ होतं.

घरच्या अभ्यासाचं नियोजनही इथेच शिकता येतं. 'गणित करायचं' हे नियोजन नाही. 'मंगळवारी समीकरणांची तीन आणि क्षेत्रफळाचं एक' हे नियोजन आहे. सुरुवातीला शिक्षक लिहून देतात, मग दोघं मिळून, मग मूल लिहितं आणि शिक्षक नजर टाकतात. गुरुवारी कुणीतरी विचारणार आहे हे माहीत असल्याने मूल मंगळवारी बसतं, हा शिकवणीचा अगदी साधा आणि खरा फायदा आहे.

## गृहपाठ पूर्ण होतोय ना, मग अडलं कुठे?

मूल हसत घरी येतं, गृहपाठ झालेला असतो, शाळेतून तक्रार येत नाही. पालकांना वाटतं, शिकवणी लागू पडली. इथेच सगळ्यात मोठी फसगत होते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या एका ताज्या अभ्यासाने ती लख्ख दाखवली आहे.

तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला हा गणिताचा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सराव करताना नेहमीसारखा, विचारलं की उत्तर देणारा चॅटबॉट दिला. काहींना थेट उत्तर न देता इशारे देणारा. काहींना फक्त वही आणि पुस्तक. सरावात उत्तर देणारा चॅटबॉट वापरणाऱ्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, इशारेवाल्यांची १२७ टक्क्यांनी. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. उत्तरं मिळालेले विद्यार्थी वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. इशारेवाल्यांचं असं नुकसान झालं नाही, पण ते पुढेही गेले नाहीत.

यंत्राच्या जागी माणूस ठेवून वाचलं तरी हे लागू पडतं. उत्तर पुरवणारी शिकवणी सरावाची वही सुंदर करते आणि परीक्षेत मुलाला उघडं पाडते. आणि यंत्राने माणसाची जागा घेतली का, याचं माझं उत्तर सध्या तरी नाही असं आहे. इशारे देणारं यंत्र सरावाला चांगलं आहे. पण मूल गप्प झालं तर ते का गप्प झालं, हे त्याला टंकल्याशिवाय कळत नाही.

## शिक्षक किती शिकलेला हवा?

मुंबई आणि बडोद्यात 'प्रथम' या संस्थेने चालवलेल्या बालसखी कार्यक्रमाचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळातच दिवसाचे दोन तास वेगळं बसवून शिकवलं जायचं. शिकवणाऱ्या होत्या वस्तीतल्याच, माध्यमिक शिक्षण झालेल्या तरुणी, जुजबी प्रशिक्षण घेतलेल्या. दुसऱ्या वर्षाअखेर या शाळांतल्या मुलांचे गुण सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला.

हे घडलं कारण चौथीतल्या ज्या मुलाला दुसरीचं वाचन येत नव्हतं, त्याला दुसरीचं वाचन शिकवलं गेलं. आपण बहुतेक वेळा उलट करतो. मूल नववीत अडलं की नववीचाच धडा आणखी हळू शिकवणारा शोधतो, आणि अडलेलं असतं ते सहावीच्या अपूर्णांकांत. पहिल्या दोन तासांत खालच्या इयत्तांचं काय येतं ते न तपासता थेट चालू धडा सुरू करणाऱ्या शिक्षकाबद्दल मला शंका वाटते, पदवी कितीही मोठी असो.

प्रशिक्षणाला किंमत नाही असं मात्र नाही. वर सांगितलेल्या ९६ प्रयोगांत प्रशिक्षित शिक्षक आणि शाळेतले साहाय्यक यांचा परिणाम स्वयंसेवकांपेक्षा आणि पालकांपेक्षा जास्त दिसला. लहान इयत्तांमध्ये फायदा जास्त, आणि शाळेच्या वेळात घेतलेल्या शिकवणीचा फायदा शाळा सुटल्यानंतरच्या शिकवणीपेक्षा जास्त.

## गटात चालेल का? पडद्यावर चालेल का?

दोन ते पाच मुलांचा गट चालतो. ब्रिटनमधल्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनच्या आढाव्यात एकास एक शिकवणीने वर्षभरात सरासरी पाच महिन्यांची जादा प्रगती दिसते, लहान गटाने चार महिन्यांची. अट एकच, गटातली मुलं साधारण एकाच ठिकाणी अडलेली हवीत. वीस-तीस मुलांची 'बॅच' ही दुसरी शाळा झाली. तिचा फायदा असेलही, पण वर वर्णन केलेलं काहीच तिथे घडू शकत नाही.

त्याच आढाव्यानुसार रोज किंवा दिवसाआड अर्ध्या तासाची, ठरावीक मुदतीची शिकवणी जास्त लागू पडते. रविवारी सलग चार तास बसवण्यापेक्षा हे मुलालाही सोसतं.

पडद्यावरची शिकवणीही चालते, समोर खरा माणूस असेल तर. २०२० च्या टाळेबंदीत इटलीत विद्यापीठातल्या स्वयंसेवकांनी मुलांना आठवड्यातून काही तास ऑनलाइन शिकवलं, त्याचा परिणाम ०.२६ आला. बोत्स्वानात तर साधा फोन आणि लघुसंदेश यांवर गणित शिकवलं गेलं, आणि तेही लागू पडलं.

## शाळा असताना हे वेगळं का? आणि ज्यांना जमत नाही त्यांचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो. शिकवणीत जे घडतं ते शाळेतच घडायला हवं. शिकवणी पैशाने मिळत राहिली तर आधीच पुढे असलेली मुलं आणखी पुढे जातात. दक्षिण कोरियाने १९८० मध्ये खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. त्या चोरून चालू राहिल्या आणि २००० साली तिथल्या घटना न्यायालयाने ती बंदी रद्द केली. चीनने २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर निर्बंध आणले, तिथेही मागणी संपली नाही. इंग्लंडने उलट वाट धरली. महासाथीनंतर २०२० ते २०२४ या काळात सरकारी मदतीने शाळांमार्फतच शिकवणी दिली. मला ही दिशा जास्त पटते, जरी मोठ्या प्रमाणावर राबवताना परिणाम पातळ होतो हेही दिसलंय.

घरच्या घरी करण्यासारखंही बरंच आहे. मुलाने आज शिकलेलं आजी-आजोबांना समजावून सांगितलं, किंवा मोठ्या भावाने धाकटीला शिकवलं, तर सांगणाऱ्याचंही पक्कं होतं. त्यासाठी ऐकणाऱ्याला विषय यावाच लागतो असं नाही, 'असं का?' एवढं विचारता आलं पाहिजे. एक पथ्य पाळावं. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये कामावर अभिप्राय देण्याबद्दलचे शेकडो निष्कर्ष तपासले, त्यांत एक तृतीयांशाहून अधिक वेळा सुधारणा होण्याऐवजी कामगिरी घसरली होती. बोलणं कामावरून माणसावर घसरलं की असं होतं. 'दुसऱ्या ओळीत चिन्ह बघ' आणि 'तुला गणित जमतच नाही' यांतला हा फरक आहे.

## शिकवणी कधी थांबवायची?

लावतानाच मुदत ठरवावी, समजा दहा आठवडे, आणि नेमकं काय यायला हवं तेही लिहून ठेवावं. 'गणित सुधारणं' नव्हे, तर 'अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार न विचारता करणं'. मुदत संपताना फेऱ्या निम्म्या कराव्यात आणि तीन गोष्टी बघाव्यात. मूल न सांगता अभ्यासाला बसतं का? अडल्यावर लगेच कुणाला विचारण्याआधी स्वतः काही करून बघतं का? आणि पेपर लिहून आल्यावर किती गुण पडतील याचा त्याचा अंदाज निकालाच्या जवळपास असतो का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर शिकवणी बंद करायला हरकत नाही, गुण अजून मनासारखे नसले तरी, कारण ते मागून येतात.

गुण वाढले, पण तिन्ही उत्तरं नाही अशी आली, तर शिक्षकांशी बोलून मदत कमी करायला सांगावं. आणि थांबवल्यावर मूल पुन्हा अडलं, तर सगळे विषय नव्याने लावायची गरज नसते. चुकांची वही उघडून कोणता भाग परत परत येतोय ते बघावं आणि तेवढ्याच भागासाठी पुन्हा काही आठवडे शिकवणी सुरू करावी.